तीस रेघांचा चेहरा

धानाची कापणी आटोपली की आपल्या मोहाडीच्या आसपास गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. तिथल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा असतो. मागे बसलेल्या बायाबापड्यांना त्याचे डोळे कुठे दिसणार? टीव्हीवरच्या नाटकाचे उलटे. तिथे चेहराच सगळे काम करतो. त्याचे मूळ यंत्राच्या दुबळेपणात आहे.

पहिला टीव्ही तबकडीवर चाले. जर्मनीच्या पॉल निपकोव्हने ही कल्पना १८८४ मध्ये मांडली. तबकडीवर गोगलगाईच्या शंखासारख्या वळणाने छिद्रे पाडायची. ती गरगर फिरली की एकेक छिद्र समोरच्या दृश्याची एकेक रेघ टिपते. घरच्या यंत्रातही तशीच तबकडी, अगदी त्याच वेगाने फिरणारी. तिच्यामागचा निऑनचा दिवा कमीजास्त होई आणि डोळ्यांना चित्र भासे. जॉन लोगी बेअर्ड यांच्या यंत्रात रेघा फक्त ३०, सेकंदाला चित्रे साडेबारा. चित्र नारिंगी, लुकलुकते, पोस्टकार्डाहूनही लहान. त्यात अख्खा माणूस मावणार कसा?

अमेरिकेत ११ सप्टेंबर १९२८ रोजी ‘द क्वीन्स मेसेंजर’ हे नाटक दाखवले, तेव्हा चेहऱ्यांसाठी दोन नट आणि हातांसाठी वेगळेच दोघे! तिसरा कॅमेरा फक्त हात आणि वस्तू दाखवायला.

लंडनमध्ये १४ जुलै १९३० रोजी बीबीसी आणि बेअर्ड यांनी पिरांदेल्लोचे ‘द मॅन विथ द फ्लॉवर इन हिज माउथ’ निवडले, ते मला फार शहाणपणाचे वाटते. पात्रे मोजकी, हालचाल जवळजवळ नाही. रात्रीच्या वेळी एक माणूस अनोळखी प्रवाशाशी बोलत बसतो. ओठावर त्याला जीवघेणी गाठ आहे, तेच ते ‘फूल’. मरण जवळ आलेला माणूस दुकानात पुडके कसे बांधतात यावर तासन्‌तास विचार करतो. एका वेळी एकच चेहरा दिसे. नट बदलायचा तर मध्ये चौकटींचा फळा सरकवत. पण असे बोलणे ऐकायला चेहरा पुरतो.

बीबीसीने ३० रेघांचे प्रक्षेपण १९३५ मध्ये बंद केले. दिल्लीत टीव्ही आला १९५९ ला, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. तोवर तबकडी इतिहासजमा झाली होती. पण तुमच्या घरात रात्री लागणारी मालिका आवाज बंद करून पाहा, आणि अम्मीला विचारा, कोण कोणावर रागावले आहे.