सिहोऱ्याच्या वाटेवर जुनी पिकअप काढण्याआधी

काटोल, नरखेड, वरूडकडची संत्री भरून जबलपूर-कटनीकडे जाणाऱ्या पिकअपमालकांशी आणि चालकांशी मला बोलायचं आहे. नागपूर सोडलं की खवासा, कुरईचा घाट, सिवनी, लखनादोन. तिथे ४४ क्रमांकाचा महामार्ग सोडून ३४ ने जबलपूर गाठायचं आणि पुढे ३० ने सिहोरा, कटनी, मैहर. रस्ता आता रुंद आहे, गुळगुळीत आहे, आणि जुन्या गाडीला नेमका तोच जड जातो. तीन लाख किलोमीटर चाललेली गाडी गावाकडच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने तक्रार न करता वर्षभर धावते. तीच भरल्या मालाने चार तास सलग सत्तर-ऐंशीने पळवली की झिजलेला प्रत्येक भाग डोकं वर काढतो.

आपल्याकडे लांब जायचं म्हटलं की इंजिनचं ऑइल बदलतात, गाडी धुतात आणि निघतात. ऑइल बदलाच. पण इंजिन बंद पडलं तर एक दिवस आणि थोडा माल जातो. टायर फुटला किंवा ब्रेक लागला नाही तर माणसं जातात. हातात पैसे मोजकेच असतील तर ते आधी टायर आणि ब्रेकवर घाला.

टायरची नक्षी शिल्लक दिसते म्हणून खूश होऊ नका. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर न चालताही कडक होतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या, फुगवटा आला, तर तो टायर लांबच्या फेरीत नको. रिमोल्ड टायर पुढच्या चाकांना कधीच लावू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. आणि स्टेपनी खाली उतरवून तिचीही हवा बघा. वर्षानुवर्षं खाली लटकलेल्या स्टेपनीची साखळी गंजून अडकलेली असते, हे रात्री धूमा-बरगीच्या मधे कळून उपयोग नाही.

ब्रेकसाठी मिस्त्रीला चारही चाकं उघडायला लावा. नुसता पेडल दाबून ‘ठीक आहे’ म्हणणारा मिस्त्री नको. लायनर किती उरलंय, ड्रमला खाच पडलीय का, सिलिंडर ओला आहे का, ते स्वतः वाकून बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. जुनं झालेलं ऑइल उतारावर तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय थेट तळाला जातो. दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला आणि हवा काढून घ्या. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजूनही आहेत. इंजिन बंद करून उतरलात तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतत आला असाल तर आत क्षार साचलेत असं समजा. रेडिएटर साफ करून कुलंट भरा, होज पाईप दाबून बघा, मऊ पडलेला किंवा चिरलेला बदला. फॅन बेल्ट आणि दोन क्लिपा जास्तीच्या ठेवा. कमानीचे पाटे, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, ग्रीसिंग ही कामं मिस्त्रीला सांगावी लागत नाहीत, पण झाली का ते विचारा. मागचे दिवे आणि लाल परावर्तक पट्टी मात्र स्वतः तपासा.

हे सगळं निघायच्या आदल्या संध्याकाळी करू नका. आठवडाभर आधी करा आणि मग माल भरून पन्नास-साठ किलोमीटर गाडी फिरवून आणा. थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेरिंग जातंय. चाकांचे नट पुन्हा आवळा. नव्या कामातली चूक घराजवळच सापडली पाहिजे.

चालकाची झोप हाही तयारीचाच भाग धरा. फेब्रुवारी २०२५ मध्ये, महाकुंभाच्या दिवसांत, सिहोऱ्याजवळ एकाच महिन्यात दोन मोठे अपघात झाले. ११ तारखेला मोहला-बरगीजवळ समोरून आलेल्या ट्रकवर आदळून हैदराबादचे सात यात्रेकरू गेले. २४ तारखेच्या पहाटे बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाककडची जीप दुभाजक ओलांडून बसवर गेली आणि सहाजण दगावले. दोन्ही वेळी प्रयागराजहून परतीचा लांबचा पल्ला होता. पहाटे तीन ते सहा गाडी ढाब्यावर उभी करा. माल तीन तास उशिरा पोहोचला तर व्यापारी चार शब्द बोलेल, ते ऐकून घ्या.

शेवटचं, आणि सगळ्यात कळकळीचं. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस जबलपूरच्या शेजारच्या डिंडोरी जिल्ह्यात बडझरजवळ एक पिकअप उलटली आणि १४ माणसं गेली. कार्यक्रमाहून परतणारी गावची माणसं होती ती, मालाच्या हौद्यात बसलेली. मालवाहू गाडीत माणसं बसवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केलं आहे. जबलपूर-कटनी रेल्वेमार्गावर सिहोरा रोड हे स्टेशन आहे. शेजारी, नातेवाईक ‘मागे बसून येतो’ म्हणाले तर त्यांना रेल्वेचं तिकीट काढून द्या, पण हौद्यात बसवू नका.