दाताचा फोटो आणि गिऱ्हाइकाचा भरवसा

भिवंडीच्या कापड बाजारात आमची तीस वर्षे गेली. दाताच्या दवाखान्याशी संबंध काय तो दाढ दुखली की येणारा. तरीही या पानावर त्या धंद्याविषयी लिहीत आहोत, कारण गेल्या वर्षी आमच्या धाकट्या पुतण्याने आमच्यापुढे एक हिशेब ठेवला आणि तो हिशेब नुसता पैशाचा निघाला नाही.

पुतण्या बी.डी.एस. झाला आणि गावातच दवाखाना थाटून बसला. त्याला डिजिटल एक्स-रेचा सेन्सर, तोंडात घालायचा पेनाएवढा कॅमेरा आणि खुर्चीसमोर एक मोठा स्क्रीन घ्यायचा होता. कॅमेरा काही हजारांत येतो, पण सेन्सरची किंमत लाखाच्या हिशेबात मोजावी लागते. रक्कम आमच्याकडून उसनी हवी होती. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूसही दुकानावर आला. चहा झाल्यावर तो म्हणाला, ‘‘शेठ, फोटो दाखवला की पेशंट नाही म्हणत नाही.’’

बिचाऱ्याने आम्हाला खूश करायला हे सांगितले. पण आम्ही तिथेच अडलो. गादीवर बसून आम्ही आजवर हेच करत आलो आहोत. तागा फर्रकन उलगडून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात टाकला की त्याला उठून जाणे जड जाते, हे प्रत्येक कापडवाल्याला ठाऊक आहे. कापडात फार तर एका सदऱ्याचे पैसे वाया जातात. काढलेला दात मात्र परत बसत नाही.

आमची स्वतःची एक दाढ अशीच गेली. १९९४ च्या सुमाराची गोष्ट. मुंबईतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे काढला. जेमतेम तीन बाय चार सेंटिमीटरची फिल्म, औषधाच्या पाण्यातून नुकतीच काढलेली, ओली. ती खिडकीच्या उजेडात धरून ते म्हणाले, ‘‘हे बघा, दिसते ना?’’ आम्हाला काळे-पांढरे ढग दिसले. एका जागी पांढरा ठिपका होता, त्यालाच आम्ही कीड समजलो. रंगवलेल्या कापडात पांढरा ठिपका म्हणजे रंग न चढलेली खोट, तोच हिशेब आम्ही दाताला लावला. एक्स-रेत सगळे उलटे असते, हे फार नंतर कळले. दातात भरलेली चांदी पांढरी दिसते आणि कीड काळी. न समजता आम्ही मान डोलावली, सही केली आणि दाढ काढून घेऊन घरी आलो. रूट कॅनल करून ती बहुधा वाचली असती, असे पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले. दुकानात दुसराही माल आहे, हेच आम्हाला कोणी सांगितले नव्हते. सगळा दोष त्या डॉक्टरांचा असे म्हणणार नाही, कारण आम्ही विचारलेही नाही. शिक्षण उर्दू शाळेत झालेले, मराठी बाजारात शिकलेली आणि सहीचा कागद इंग्रजीत. अशा ठिकाणी माणूस विचारण्यापेक्षा मान डोलावणे पसंत करतो.

म्हणून पुतण्याने पैसे मागितले तेव्हा त्या ओल्या फिल्मची आठवण झाली. चित्राला लिपी नसते, ही या यंत्राची खरी कमाई आहे. जर्मनीत राँटजेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि दोनच महिन्यांत ऑटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्याला पंचवीस मिनिटे किरणांपुढे बसावे लागले होते. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे काम फिल्मवरच चालले. फ्रान्सच्या फ्रान्सिस मुयां यांनी फिल्मऐवजी सेन्सर वापरायची पद्धत काढली आणि १९८७ च्या सुमारास ती बाजारात आली. आपल्याकडचे दंतवैद्य तिला आजही ‘आर.व्ही.जी.’ म्हणतात. फोटो काही सेकंदांत स्क्रीनवर येतो, औषधात बुडवणे नाही, आणि किरणांची मात्रा जुन्या फिल्मपेक्षा बरीच कमी. यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी मात्र करावी लागते, तीत कोणी हयगय करू नये. डॉक्टरला याचे फायदे अनेक असतील. खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाच्या दृष्टीने एकच फायदा मोठा: नखाएवढा दात परातीएवढा दिसतो आणि डॉक्टर त्यावर बोट ठेवून दाखवू शकतो.

याचे मोल आम्हाला कळले ते आमच्याच लूमवरच्या एका कारागिरामुळे. वीस वर्षांचा गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुड्या मिळायच्या थांबलेल्या नाहीत. त्याच्या तोंडात दोन बोटांपलीकडे काही जात नव्हते, तिखट लागले की डोळ्यांत पाणी. आम्ही त्याला दोनदा रागावलो होतो, पुतण्याने वेगळे सांगून पाहिले होते. ऐकून घ्यायचा आणि बाहेर जाऊन पुडी फोडायचा. कॅमेरा आल्यावर पुतण्याने त्याच्या गालाची आतली बाजू स्क्रीनवर दाखवली. पांढरा चट्टा, आजूबाजूचे कातडे दोरीसारखे ताणलेले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘डॉक्टरसाब, ये मेरा है?’’

पुतण्याने तो फोटो त्याच्या मोबाईलवर दिला. त्याने तो गावाकडे बायकोला पाठवला आणि पुढचे काम तिने केले. रोज फोनवर धोशा. अखेर तो मुंबईला मोठ्या रुग्णालयात गेला. चट्टा कसला आहे हे फोटोवरून ठरत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो, हे पुतण्याने त्याला आधीच बजावले होते. तपासणीत कर्करोग निघाला नाही. तोंड मात्र पूर्वीसारखे उघडणार नाही.

असे असताना विरोध कशाला, असे वाचकबंधू विचारतील. विरोध नाही, पण आमच्या धंद्यातली एक वस्तू सांगतो म्हणजे मुद्दा ध्यानात येईल. सुते मोजायची लहान काच प्रत्येक कापडवाल्याच्या खिशात असते, तिला बाजारात पिक ग्लास म्हणतात. तिच्याखाली उत्तमातले उत्तम पॉपलीन धरा, चटईसारखे दिसते. सुतागणिक भोके, गाठी, तुसे. नवख्या गिऱ्हाइकाला ते दाखवले तर तो कापडाला हात लावणार नाही. कॅमेऱ्याचेही तेच आहे. जन्मभर चघळून पडलेली साधी केसाएवढी चीर स्क्रीनवर दरीसारखी दिसते. एक्स-रेतही दाताच्या मानेपाशी कधी कधी कीड नसताना काळी सावली पडते, आणि खरी कीड असते तिथे ती फोटोत दिसते त्याहून बहुधा मोठी असते. हे सारे शिकलेल्या डोळ्याला कळते. पेशंटला कळत नाही, त्याला फक्त भीती वाटते. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला माल विकणे फार सोपे असते, आणि त्या विक्रीला आम्ही धंदा म्हणत नाही.

कायदाही आता स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली फी घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००८ साली समीरा कोहली खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की उपचार काय, कशासाठी, धोके कोणते आणि दुसरे उपाय कोणते हे समजावून घेतलेली संमतीच खरी संमती, आणि तपासणीला दिलेला होकार हा उपचाराचा होकार नव्हे. आमच्या दाढेच्या वेळी हे कोणी पाळले असते तर आज उजव्या बाजूने चावता आले असते. स्क्रीनमुळे हे समजावणे सोपे होते, पण यंत्र स्वतः समजावत नाही. फोटो दाखवून ‘‘दिसले ना?’’ म्हणणारा डॉक्टर आणि आमचा १९९४ चा डॉक्टर यांत फरक फक्त स्क्रीनच्या आकाराचा.

पैसे आम्ही दिले. देताना पुतण्याला म्हटले, बेटा, किडका दात दाखवशील तेव्हा शेजारचा चांगला दातही दाखव, म्हणजे माणसाला तुलना कळेल. नुसते बघण्याने भागत असेल तर तेही तोंडाने सांग. आणि फोटोची प्रत प्रत्येकाला दे, मागो अथवा न मागो. पहिल्या दोन गोष्टी त्याने लगेच मान्य केल्या. तिसरीवर मात्र आमची चांगलीच जुंपली.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ‘‘चाचा, यंत्राला पैसे मी घालायचे, फोटो मी काढायचा, आणि पेशंट तो मोबाईलवर घेऊन समोरच्या दवाखान्यात जाणार. तिथला डॉक्टर भाव कमी सांगणार. शिवाय समजावण्यात माणशी दहा मिनिटे जातात, बाहेर रांग उठून जाते.’’ दहा मिनिटांचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर आमच्याकडे तोड नाही. स्वस्त फी आणि सावकाश समजावणे या दोन गोष्टी एका दवाखान्यात फार दिवस नांदत नाहीत. पेशंटनेही हे ध्यानात ठेवावे आणि तपासणीची फी देताना तोंड वाकडे करू नये.

पण फोटोच्या प्रतीबाबत आम्ही हटलो नाही. कापडाच्या बाजारात नमुन्याचे कात्रण मागणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. तो ते घेऊन चार पेढ्या फिरतो, दर विचारतो, कधी परत येतो, कधी येत नाही. कात्रण न देणाऱ्याबद्दल बाजार काय समजतो तेही सर्वांना माहीत आहे. इथे तर कात्रणही आपल्या मालाचे नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या जबड्याचे आहे. त्याने घेतलेले दुसरे मत आपल्या मताशी जुळले तर बरे, न जुळले तर आपण पुन्हा पाहावे.

पुतण्या आता प्रत देतो, कुरकुरत देतो. गेल्या महिन्यात एक बाई दोन दाढांचे फोटो घेऊन गेल्या, त्या अजून फिरकलेल्या नाहीत. तो हा हिशेब भेटेल तेव्हा ऐकवतो. आम्ही त्याचा या महिन्याचा हप्ता पुढे ढकलला आहे.