पुढच्या हॉलमधली जागा

जिंतूर रोड, गंगाखेड रोड, वसमत रोड, पाथरी रोड. परभणीतून कुठल्याही बाजूनं बाहेर पडा, गाव संपता संपता मटणाच्या खानावळींच्या पाट्या लागतात. 'चुलीवरचे मटण', 'घरगुती चव', 'ऑर्डरप्रमाणे बनवून मिळेल'. कल्याण-निर्मल हा 61 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. त्यामुळे ट्रकचालक, आडते, कोर्टाचं काम उरकून निघालेले पक्षकार, सोयरीक जुळवून परतणारे पाहुणे असे सगळे रात्री एकाच छपराखाली जेवायला बसतात. सोमवारी, शनिवारी, एकादशीला शुकशुकाट असतो. बुधवारी आणि रविवारी गर्दी. आखाडात तर उभं राहून वाट बघावी लागते, आणि श्रावण लागला की महिनाभर चुली जवळपास थंड पडतात.

मला या खानावळी मनापासून आवडतात. अमेरिकेत स्टेकहाउस नावाची हॉटेलं असतात. तिथं माणसं मांस खायचं ठरवूनच जातात, बाकीचे पदार्थ त्याच्या जोडीला असतात. गोमांसाचा जाड तुकडा प्रखर आचेवर भाजला जातो आणि तो किती भाजायचा, हे गिऱ्हाईक सांगतं. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. तेव्हा तसलं हॉटेल परभणीत कुणी शोधू नये. पण मांसासाठीच उभी राहिलेली आणि स्वतःचं वातावरण असलेली जागा आपल्याकडे आहेच. सांगायचं ते तिच्याबद्दल.

आपल्या भागातला उस्मानाबादी बोकड अंगानं मध्यम. त्याचा भाजायजोगा जाड तुकडा निघत नाही, म्हणून मटण हाडासकट तोडतात आणि मंद जाळावर निवांत शिजू देतात. हाडाचा अर्क उतरतो तोच रस्सा. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, तीळ, खसखस, काळा मसाला, आणि रस्सा मिळून येण्यासाठी कुणी चमचाभर येसरही घालतं. प्रत्येक खानावळवाल्याचा हात वेगळा. जुनं गिऱ्हाईक गल्ल्यापाशी न थांबता थेट हंडीपाशी जातं. नळी टाक, चाप टाक, कलेजी राहिली का बघ, असं बोट दाखवून सांगतं. वाढणारा पोरगा भगुणं घेऊन फिरतो, तर्री पाहिजे की पातळ, विचारतो. रस्सा मागाल तेवढा. नळी ताटावर आपटून आतला गर ओढताना इथं कुणाला लाज वाटत नाही. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस आपल्याकडचं लिंबू मागून घेतो आणि पावसाची चौकशी करतो. निजामाच्या राजवटीत वाढलेला हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 ला मोकळा झाला, पण ताटातला शेजार तसाच राहिला. काळ्या मसाल्याचा रस्सा खाणाऱ्याला इथं बगारा खाना आणि दालचाही तितकाच ओळखीचा असतो. हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात फेब्रुवारीच्या थंडीत जेवून आलेल्या परभणीकराला हे वेगळं सांगायला नको.

आणि भाकर. चांगल्या खानावळीत चूल दर्शनी भागात असते. चुलीमागं बसलेली बाई परातीत पीठ मळते, थापते, तव्यावर टाकते, निखाऱ्यावर फुगवते आणि पोराच्या हातात देते. भाकर ताटात पडते तेव्हा तिच्यातून वाफ निघत असते. ज्वारी हे या जिल्ह्याचं धान्य. इथल्या कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती' दिली आणि 2018 मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती'ही प्रसारित केली. खानावळीचं नाव भाकरीवर चालतं. भाकर वातड झाली की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी समोरच्या खानावळीत दिसतं. त्यामुळे ती बाई रस्त्यावरून दिसेल अशा जागी बसवलेली असते.

जेवायला आलेल्या बाईला मात्र मागं पाठवतात.

पुढचा हॉल पुरुषांचा. तुम्ही बायको, बहीण, आई घेऊन आलात की पोरगा लगेच पुढं होतो आणि 'फॅमिली मागं आहे' म्हणून वाट दाखवतो. मागं प्लायवूडच्या खोल्या, दाराला पडदा, भिंतीवर बेल, डोक्यावर एक पंखा. उजेड कमी. हंडी दिसत नाही, भाकर थापताना दिसत नाही, शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर येत नाही. पोरगा आणून देईल ते ताट. नळी पुढच्या हॉलमध्ये संपलेली असते, भाकर पडद्यापर्यंत येईतो निवते. पैसे तेवढेच घेतात. खानावळीत जे जे आहे म्हणून माणसं शहरातून आठ-दहा किलोमीटर जातात, त्यातलं फक्त मटण पडद्याआड पोचतं. बाकी सगळं बाहेर राहतं.

सोबत पुरुष असेल तर निदान एवढं तरी. विद्यापीठातल्या संशोधक मुली, दवाखान्यातल्या नर्सा, एसटीतल्या महिला वाहक, शाळेतल्या बाई. या स्वतः कमावतात, रात्री उशिरापर्यंत कामावर असतात, पण चौघी मिळून मटण खायला गेल्या असं आपल्याकडे सहसा ऐकू येत नाही. पार्सल मागवतात आणि खोलीवर खातात.

यामागं एक घरगुती कारण आहे आणि ते फारसं कुणी बोलत नाही. हा संत जनाबाईंचा जिल्हा. गंगाखेडच काय, गावोगावी माळकरी घरं आहेत. सासू-सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ असली की स्वयंपाकघरात मटण शिजत नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्याची त्याची श्रद्धा. अशा घरातला मुलगा हौस बाहेर भागवून येतो. सून मात्र माहेरी दर रविवारी मटण खाऊन वाढलेली असली, तरी लग्नानंतर तिची चव सुटते. तिला कुणी मनाई केलेली नसते, पण तिनं जायचं कुठं, हेही कुणी ठरवलेलं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. ज्या अन्नातून लोह सहज अंगी लागतं ते अन्न घरातल्या एकालाच मिळावं, ही गोष्ट मला टोचते.

खानावळवाल्यांची बाजूही ऐकलेली आहे. पुढं पिणारे बसतात, आवाज चढतो, बायकांना त्रास होऊ नये म्हणून पडदा, असं ते सांगतात. त्यांची काळजी खरी आहे. पण त्रास पिण्यामुळे होत असेल तर आड बसवायचं ते पिणाऱ्यांना. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी परमिट रूम मागं न्यावी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी बाटली टेबलावर येऊच देऊ नये, कायदाही तेच सांगतो. जेवायला आलेल्या माणसाला, मग तो पुरुष असो की बाई, उजेडात बसवावं.

हे दुखणं एकट्या परभणीचं नाही. न्यूयॉर्कमध्ये कीन्स नावाचं 1885 सालचं मांसाहारी हॉटेल आजही चालतं. तिथं एकेकाळी बायकांना प्रवेश नव्हता. लिली लँग्ट्री या नटीला दारातून परत पाठवलं तेव्हा ती कोर्टात गेली, 1905 मध्ये खटला जिंकली आणि आत जाऊन मटणाची चाप जेवली, असं ते हॉटेल स्वतःच अभिमानानं सांगतं. आपल्याला कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये लिहिलंय की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात जाण्यापासून अडवता येणार नाही. पडद्याची रीत कुठल्या कायद्यानं लावलेली नाही. ती सवयीनं लागली आहे, आणि ती मोडायला सरकारी आदेश लागत नाही.

खर्चही फार नाही. पुढच्या हॉलमध्ये दोन ट्यूब जास्त, बायकांसाठी आतून कडी लागणारं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह, आणि 'मागं आहे' ऐवजी 'बसा ताई' म्हणायची पोराला शिकवण. कुणाला पडदाच हवा असेल तर तो ठेवावा, पण कुठं बसायचं हे जेवणाऱ्यानं ठरवावं. जो खानावळवाला हे आधी करील त्याचा धंदा वाढेल, याची मला खात्री आहे, कारण घरातली बाई जिथं खुशीनं जेवते तिथं सगळं घर पुन्हा येतं.

आणि ज्यांची आखाडातली बैठक दरवर्षी ठरलेली असते, त्या भावांना विनंती आहे. यंदा एक रविवार मित्रांना सांगून मोकळा ठेवा. बायकोला, बहिणीला विचारा, तिला यायचं असेल तर घेऊन जा. पोरगा मागची वाट दाखवेल तेव्हा पुढच्याच हॉलमध्ये जागा मागा. हंडीपाशी तिला जाऊ द्या आणि नळी तिच्या ताटात पडू द्या.