भिंतीतली वायर कामाला आली

लोणी काळभोरला आमच्या घरी राऊटर खाली आणि मुलीचा अभ्यास माडीवर. स्लॅबमधून वायफाय नीट पोहोचेना. तिची ऑनलाइन चाचणी अर्ध्यातच तुटली, पोर रडली. नवे यंत्र घेण्याआधी आम्ही भिंतीतली जुनी इथरनेट वायर पाहिली. तिच्यावर ‘कॅट ५ई’ छापले होते. अशी वायर १०० मीटरपर्यंत सेकंदाला १००० मेगाबिट नेते. मात्र आठही तारा धड हव्यात, चारांवर वेग १०० वरच राहतो. केबलवाल्याकडून क्रिंपिंगची पक्कड मागून आणली. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवून नवे जॅक बसवले. एक टोक राऊटरच्या लॅन पोर्टला, दुसरे कॉम्प्युटरला. पुढची चाचणी विनाखंड झाली. बंधू-भगिनींनो, पैसे मोडण्याआधी घरातली वायर जरूर तपासा!