उघडलेला रेडिओ आणि बांधलेलं गाठोडं

परवा आमच्या घरात एका शब्दावरून वाद झाला. शब्द होता 'चोरी'. अकरावीतला नातू संगणकावरच्या एका खेळाच्या फायली उघडून बसला होता. त्याचे वडील म्हणाले, "कंपनीनं बांधून ठेवलेलं सोडून बघायचं, ही चोरीच की!" निवाड्याला मला बोलावलं. फलटणात पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दांचे तंटे माझ्याकडेच येतात.

खेळाचं नाव 'एम्पायर: टोटल वॉर', 2009 सालचा. त्यात काळ सुरू होतो 1700 पासून आणि मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं. त्याच वर्षी एप्रिलात साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला होता, तेव्हा आमच्या भागातल्या पोराला हा खेळ आवडावा ह्यात नवल नाही. पण त्याच्या प्रतीत मजकूर सगळा इंग्रजी. तो त्याला मराठीत करायचा आहे. खेळ विकत घेतलाय का, हे मी आधी विचारून घेतलं. घेतलाय.

अशा खेळांत चित्रं, आवाज, मजकूर ह्यांची गाठोडी बांधलेली असतात आणि पुष्कळदा ती दाबून लहान केलेली असतात. 'दाबणं' म्हणजे काय ते मला कळलं भजनाच्या वहीमुळे. धृपद आपण एकदाच लिहितो, पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं ॥धृ॥. संगणकही तेच करतो. आधी आलेला तुकडा पुन्हा आला, की 'इतकी अक्षरं मागे जा, तिथून इतकी उचल' एवढी खूण ठेवतो. लेंपेल आणि झिव्ह ह्यांनी ही युक्ती 1977 साली मांडली. नातवानं पहिला हात बसवला तो 'क्वेक थ्री' ह्या 1999 च्या खेळावर. त्याच्या गाठोड्याच्या नावाचं शेपूट वेगळं, पण आत साधी झिप फाईल! सुरुवातीलाच 'पी' आणि 'के' ही दोन अक्षरं. झिप काढणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं, म्हणजे सहीच म्हणा ना.

आता चोरीचं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये, रीतसर घेतलेला प्रोग्राम वापरताना तो कसा चालतो ह्याचं निरीक्षण आणि अभ्यास करायला मुभा आहे. 2012 साली जोडलेलं कलम 65 क कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण हक्क बुडवण्याचा हेतू असेल तर. कंपन्या आपल्या करारात आणखी अटी घालतात, त्या वाचाव्यात. खेळाची अख्खी प्रत मित्रांना वाटणं ही चोरी, त्यात मला शंका नाही. नातवाला मी बजावलं, की वाटायचाच तर फक्त तू लिहिलेला मजकूर वाट, त्यांची चित्रं नि आवाज नाही. पण घेतलेली वस्तू उघडून समजून घेणं म्हणजे वाचन. चिरंजीव कॉलेजात असताना नेट कॅफेत ज्या 'काउंटर-स्ट्राइक'पायी पैसे घालवत होते, तो खेळही आधी 'हाफ-लाइफ'मध्ये दोघा हौशी पोरांनी केलेला बदलच होता. मूळ कंपनीनं पुढे तो आपलासा करून विकला. हे ऐकून चिरंजीव गप्प झाले.

माझा इतका आग्रह का, तेही सांगून टाकतो. 1986 च्या सुमाराला आमच्या शाळेतला रेडिओ एका मुलानं मधल्या सुट्टीत उघडला होता. सगळे स्क्रू कागदावर ओळीनं मांडून, खाली आकडे घालून. मी ती मांडणी पाहिली आणि तरीही त्याच्या थोबाडीत दिली. "शाळेची वस्तू आहे, तुझ्या बापाची नाही," असंही म्हणालो. रेडिओ त्याला परत जोडू दिला नाही. तो कागद अजून डोळ्यांसमोर येतो. वस्तू शाळेची होती, तेव्हा मी बरोबर होतो असंही म्हणता येईल. मला म्हणवत नाही. असो.

तर नातवाचं घोडं अडलं वेलांटीवर. खेळात मराठी अक्षरं नाहीत, म्हणून त्यानं काही रोमन अक्षरांच्या चित्रांवर आपली अक्षरं चढवली (जुने श्रीलिपीसारखे फॉन्ट असंच करत). पण 'शिवाजी'तली पहिली वेलांटी 'श'च्या मागे जाऊन 'व'च्या डोक्यावर बसली. खेळाला आपली जोडणी कुठून ठाऊक असणार! मी म्हटलं, "वेलांटी आधी टाइप कर, श नंतर." शाळेचं वार्षिक छापताना छापखान्यात बसून पाहिलं होतं, जुळारी ऱ्हस्व वेलांटीचा खिळा अक्षराच्या आधीच लावायचा. नातवानं केलं, आणि जमलं!

"आबा, तुम्हाला कसं काय माहीत?" म्हणाला.

सध्या मी त्याला जोडाक्षरांची यादी करून देतोय. जागा थोड्या आणि अक्षरं फार, त्यामुळे कोणती पायमोड करून चालतील ह्यावर रोज खल होतो. 'युद्ध' शब्द पायमोड करून लिहायला मी तयार नाही. लढाईच्या खेळात तो पानोपानी येणार. त्यासाठी 'ङ' गाळावा असं त्याचं म्हणणं आहे, मी उद्या सांगतो म्हटलंय.