गोठ्यातील रक्तपरीक्षा

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत पहाटे दारी येणारे पिशवीचे दूध बहुधा कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या गोठ्यातून निघालेले असते. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली आणि मुंबईतील तबेले शहराबाहेर जाऊ लागले. तेव्हापासून आपला जनावराशी संबंध या पिशवीपुरताच उरत गेला. गावच्या पशुवैद्यकाजवळ कोणती साधने असावीत, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला परका वाटतो.

भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर दोन-तीन दिवसांत एकाएकी बसते, मान कुशीकडे वळवते, तिचे कान गार पडतात. हा दुग्धज्वर. (नाव ज्वराचे, पण अंग मात्र थंड!) चिकात कॅल्शियम झपाट्याने उतरल्याने रक्तातील प्रमाण घसरते. पशुवैद्यक लक्षणांवरून रोग ओळखून शिरेतून कॅल्शियम देतो आणि बहुतेक गायी काही तासांत उठतात. तेथे यंत्रावाचून अडत नाही. अडते ते न उठणाऱ्या गायीपाशी. दुसरी बाटली द्यावी काय? कॅल्शियम अति वा घाईने गेले तर हृदय थांबू शकते. न दिले तर बसून बसून पायांचे स्नायू निकामी होतात. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण दूरच्या वाडीतला नमुना प्रयोगशाळेत पोचून उत्तर परत येईपर्यंत निर्णयाची घटका टळलेली असते.

माणसांच्या रुग्णालयांसाठी १९९० च्या दशकात प्रचारात आलेली हातात मावणारी यंत्रे येथे उपयोगी पडतात. रक्ताच्या दोन-तीन थेंबांवरून सोडियम, पोटॅशियम आणि रक्तात मुक्त असलेले कॅल्शियम काही मिनिटांत कळते. हगवणीने गळालेल्या वासराला कोणते सलाईन द्यावे, हेही त्यावरून ठरवता येते. मात्र या यंत्रांचा जयघोष करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फॉस्फरस त्यांपैकी बहुतेकांत मोजला जात नाही, आणि व्यालेल्या म्हशीला लाल लघवी होते ती पुष्कळदा त्याच्याच कमतरतेने. म्हणजे म्हशींच्या मुलखात हे साधन अर्धेच डोळस आहे.

खरी अडचण पुढेच आहे. प्रत्येक तपासणीला नवे कार्ट्रिज लागते; ते शीतकपाटात ठेवावे लागते, त्याला मुदत असते आणि गोठ्यातील कडक उन्हाळा यंत्राला मानवत नाही. मार्चअखेर यंत्र विकत घेऊन यादीत नोंदवणे सोपे. जुलैत कार्ट्रिजसाठी पैसा मिळवणे कठीण. हे खाजगी व्यवहारावर सोडले तर खर्च पशुपालकाच्या माथी बसेल, आणि दोन गायींवर घर चालवणारा तपासणी टाळून अंदाजाचीच बाटली पसंत करील. यास्तव तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयाला आणि १९६२ या क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पथकाला यंत्र देण्यापूर्वी कार्ट्रिजची वार्षिक तरतूद मंजूर व्हावी, आणि फॉस्फरसच्या तपासणीची सोय निदान जिल्ह्याच्या ठिकाणी तरी त्याच दिवशी उत्तर देणारी असावी.