घाण आपली, नाव उंदराचे

गेल्या पावसाळ्यात धाराशिवमधल्या आमच्या गल्लीत, नालीच्या कडेला एक पुठ्ठा पडलेला दिसला. बाजारात हातगाडीवर मिळतो तोच, वहीसारखा उघडणारा, आतून चिकट डिंक लावलेला. त्यावर उंदीर चिकटला होता. चारही पाय, पोट आणि एक गाल डिंकात रुतलेला. एक डोळा उघडा होता, बरगड्या भराभर हलत होत्या. शाळेला निघालेली तीन पोरं उकिडवी बसून बघत होती. त्यांतला एक मला म्हणाला, ‘सर, ह्ये मेलं नाही वो अजून. रातच्याला लई वरडत होतं.’

मी घरातून गोडेतेल आणले आणि थेंबथेंब सोडत त्याला मोकळे केले. तेलाने तो डिंक सुटतो. पण तोवर त्याच्या पोटाची कातडी सोलवटली होती. दुपारी तो मेला.

ज्या घरातून तो पुठ्ठा बाहेर पडला त्या घराच्या चौकटीवर गणपतीची फरशी आहे आणि गणपतीच्या पायाशी उंदीर आहे. देवळात त्याच उंदराच्या कानाशी लागून हे लोक मनातली इच्छा सांगतात. माणसे वाईट नाहीत. अडीअडचणीला धावून येतात, रस्त्यावरच्या कुत्र्याला भाकरी घालतात. आणि तरीही एका जिवाला रात्रभर तडफडत ठेवून ती शांत झोपू शकली. मला या शांत झोपेविषयी बोलायचे आहे. ती त्या एका घराची नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

त्याच गल्लीत नववीत शिकणारी एक मुलगी राहत होती. तिच्या मामाने तिला पुण्याहून दोन पांढरे उंदीर आणून दिले होते. पोरीने त्यांच्यासाठी मोठा पिंजरा केला, जुन्या ओढणीची झोळी टांगली. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. उंदराला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो, म्हणून ती दुपारी पिंजऱ्यावर ओले पटकूर टाकायची. तिच्या वहीत त्यांचे वजन, खाणे, झोप सगळे लिहिलेले असे. मी आयुष्यभर विज्ञान शिकवले, पण इतके नीट निरीक्षण फार थोड्या विद्यार्थ्यांकडून पाहिले.

गल्लीला हे कळले आणि बोलणे सुरू झाले. ‘प्लेग आणतील.’ ‘चावले तर चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील.’ ‘झोपेत बोटं कुरतडतील.’ ‘डोळ्यांतून रक्त येतंय म्हणं त्यांच्या.’ घरमालकाने शेवटी सांगितले, ‘एकतर ही घाण राहील, नाही तर तुम्ही.’

यांतल्या एकानेही पिंजऱ्यापाशी जाऊन पाहिले नव्हते.

डोळ्यांतले ते रक्त नसते. उंदराच्या डोळ्यांमागे एक ग्रंथी असते, तिच्या स्रावात तांबूस रंगद्रव्य असते. उंदीर आजारी किंवा घाबरलेला असला की तो स्राव जास्त येतो. म्हणजे ज्याला आपण अपशकुन समजतो ते त्या जिवाच्या त्रासाचे लक्षण आहे. चौदा इंजेक्शनांची गोष्ट तर जुन्या काळातली, तीही पिसाळलेल्या कुत्र्याची. उंदराच्या चाव्यानंतर रेबीजची लस घेण्याची वेळ क्वचितच येते. जखम साबणाने धुवावी, डॉक्टरांना दाखवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का ते विचारावे. आणि शुद्ध-अशुद्धाचे म्हणाल तर उंदीर जागेपणीचा बराच वेळ स्वतःचे अंग चाटून साफ करण्यात घालवतो. पाळलेले उंदीर एकमेकांचेही अंग साफ करतात. एकटा ठेवला तर तो कुढतो. निदान दोन हवेत, हे त्या पोरीला माहीत होते.

धोका मुळीच नाही असे मी म्हणणार नाही, ते खोटे होईल. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने तो भोगला आहे. उंदराच्या चाव्यातूनही तापाचा एक जंतू येऊ शकतो, आणि पाळीव उंदीर त्याला अपवाद नाही. हाताळून झाल्यावर हात धुवावेत, लहान लेकराने त्याचा मुका घेऊ नये, रानातला किंवा नालीतला उंदीर धरून पाळू नये. इतकी काळजी घ्यावी. कुत्रे, शेळी, गाय पाळतानाही आपण काळजी घेतोच. आपल्या उस्मानाबादी शेळीला कोणी रोगाचे घर म्हणत नाही.

हा पांढरा उंदीर आला कुठून? नालीतल्या तपकिरी उंदराचाच तो वंशज. इंग्लंडमध्ये १९०१ साली मेरी डग्लस नावाच्या बाईंनी प्राण्यांच्या प्रदर्शनात उंदीर मांडायला लावले, तिथपासून त्याला पाळीव प्राण्याचा मान मिळू लागला. १९०६च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत प्रयोगशाळेसाठी त्याचा वाण तयार झाला. तेव्हापासून आपण घेतो त्या औषधांपैकी असंख्य औषधे आधी त्याच्या अंगावर तपासली गेली. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी गिळणाऱ्याने तरी त्याला घाण म्हणण्याआधी थांबावे.

शास्त्रज्ञांनी त्याच्या मनातही डोकावून पाहिले आहे. २०११ साली शिकागो विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका उंदराला अरुंद नळीत कोंडले, दुसऱ्याला बाहेर मोकळे सोडले. मोकळ्याने खटपट करून नळीचे दार उघडायला शिकून घेतले आणि कोंडलेल्याला सोडवले. शेजारी दुसऱ्या नळीत चॉकलेटचे तुकडे ठेवले, तरी त्याने दोन्ही दारे उघडली आणि पुष्कळदा खाऊ वाटून घेतला. त्याआधी याक पँक्सेप या शास्त्रज्ञाने दाखवले होते की गुदगुल्या केल्या की उंदीर विशिष्ट आवाज काढतात, आणि तो इतका उंच असतो की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. त्याचा आनंद ऐकण्याजोगे कान आपल्याला नाहीत. पण त्या पुठ्ठ्यावरचे ओरडणे तर साध्या कानांनाही ऐकू येत होते.

कंबोडियात मगावा नावाच्या आफ्रिकी उंदराने जमिनीत पुरलेले सुरुंग वासावरून शोधले. आपल्या घरच्या उंदराहून तो मोठा, जातही वेगळी. २०२० साली त्याला ब्रिटनमधल्या पीडीएसए संस्थेने शौर्यासाठी सुवर्णपदक दिले. तोवर त्याने ३९ सुरुंग शोधले होते. टांझानियात त्याचे भाऊबंद थुंकीच्या नमुन्यांतून क्षयरोग हुडकतात. क्षयाचे सर्वांत जास्त रुग्ण असलेल्या देशात राहून आपण उंदराला केवळ रोग पसरवणारा म्हणतो.

प्लेगचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या भीतीचे मूळ तिथे आहे आणि ती भीती खोटी नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पुढच्याच वर्षी पुणे त्याने झपाटले. घराघरांत आधी उंदीर पडत, मग माणसे. ‘उंदीर पडले’ हे शब्द ऐकताच गावे माळावर झोपड्या घालून राहत. या दोन शब्दांतच खरे कारण दडले होते, पण आपण ते ऐकले नाही. उंदीर आधी मरत होता, कारण तोही रोगाचा बळी होता. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्रयोगाने दाखवले की रोग पिसवेतून जातो. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले की पिसवा त्याला सोडतात आणि मिळेल त्या गरम अंगाला डसतात. कित्येक वर्षे मोठमोठ्या तज्ज्ञांनी सिमाँवर विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईतच झालेल्या संशोधनाने तो खरा ठरला.

आपल्या उंबऱ्यापाशी घडलेले तर याहून जवळचे आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी, सास्तूर भूकंपाने हादरले. आपल्या लोहारा-उमरग्यात आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढल्या वर्षी, १९९४च्या पावसाळ्यात, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले आणि गाठीच्या तापाचे रुग्ण दिसले. धक्क्यांच्या भीतीने लोक घराबाहेर राहत होते, धान्य घरात तसेच होते, त्यावर उंदीर वाढले आणि रानातल्या उंदरांचा रोग वस्तीत आला, असे त्याचे कारण पुढे मांडले गेले. त्यानंतर सुरतेत रोग फुफ्फुसाचा झाला आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. दोन्हीकडे वाट एकच होती: उघडे पडलेले धान्य, तुंबलेल्या नाल्या, कचऱ्याचे ढीग. ती वाट आपण तयार केली आणि उंदीर तिच्यावरून आला. आजही आपल्या गल्लीत लग्नाच्या जेवणावळीचे उरलेले अन्न रात्री नालीत ओततात. ओतणारे हात स्वच्छ समजले जातात आणि ते खाणारा घाण ठरतो.

शेतकऱ्याने धान्य वाचवू नये असे कोण म्हणेल? ज्वारीचे कणीस वर्षभराच्या घामाचे असते. पण धान्य राखायचे मार्ग आपणच मोडले. शेतात पक्षिथांबे रोवले तर रात्री त्यांवर घुबड, पिंगळा बसतो आणि उंदीर टिपतो. घुबडाला आपण अशुभ ठरवून हाकलले. धामण बिळात शिरून उंदीर खाते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते असे सांगत आपण तिला काठीने ठेचले. धामण बिनविषारी आहे आणि कुठलाही साप दूध पीत नाही. राखणदार मारून झाल्यावर दुकानातून विष आणले. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या तोंडी लागला की घुबडही मरू शकते, मग पुढच्या वर्षी उंदीर आणखी वाढतात, मग आणखी विष. आणि ते विष घरात उघड्या फडताळावर, लेकरांच्या हाताशी. एक खोटी समजूत दुसरीला कशी पोसते ते या साखळीत दिसते.

चिकट पुठ्ठ्यांचा तर धान्य राखण्याशीही संबंध नाही. झाकणाची कोठी, दाराखाली पत्रा, बुजवलेली बिळे, तारेचा पिंजरा एवढ्याने घर राखता येते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये या पुठ्ठ्यांविरुद्ध सूचना काढल्या आहेत. प्राण्याला विनाकारण यातना देणे १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी बाजारात तो पुठ्ठा भाजीसारखा विकला जातो, आणि लेकरे नालीकाठी बसून मरण बघायला शिकतात.

आता सगळ्यात कठीण गोष्ट. ‘घाण’ हा शब्द आपण उंदरापाशी थांबवत नाही. शेतातले उंदीर धरून खाणाऱ्या कातकऱ्याला, घुशी खणून काढणाऱ्या वडाराला आपण त्याच शब्दाने हिणवतो. त्याने आपले शेत राखले, स्वतःच्या कष्टाने पोट भरले, कोणाची चोरी केली नाही. आणि ‘उंदीरखाऊ’ ही त्याच्या लेकराला शाळेत मिळणारी शिवी आहे. मुंबईत महापालिकेची माणसे हातात काठी आणि विजेरी घेऊन रात्रभर उंदीर मारत फिरतात, एका रात्रीत ३० उंदरांचा नेम असतो. शहर झोपेत असताना ती शहर राखतात. त्यांना मुलगी द्यायची वेळ आली की किती घरे तयार होतात? घरात मेलेला उंदीर सापडला की आपण स्वतः उचलत नाही, कोणाला तरी हाक मारतो, आणि ज्याला हाक मारतो त्याच्यासाठी पेला वेगळा ठेवतो. जो घाण करतो तो वर, जो ती उचलतो तो खाली. याच व्यवस्थेला आपले पूर्वज धर्म म्हणत होते.

१८९७च्या प्लेगात जेव्हा सख्खे नातेवाईक माणसाला टाकून पळत होते, तेव्हा सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. त्याच रोगाने १० मार्चला त्या गेल्या. शिवू नये असे ज्याला समाजाने ठरवले त्याला त्यांनी उचलून घेतले. आपण दर वर्षी त्यांच्या फोटोला हार घालतो.

घरमालकाचा निरोप आल्यानंतर त्या मुलीने उंदीर दाखवायला गल्लीत बोलावणे केले. मोठ्या माणसांत त्या उंदराला हात लावणारी एकच बाई निघाली, आमच्या गल्लीत झाडायला येणारी नगरपालिकेची मावशी. तिने तळहात पुढे केला. उंदीर तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत चढला आणि मिशा हलवत बसला. ‘माझ्या हातून लई गेलेत बाई, समदे मेलेले,’ ती म्हणाली. ‘जित्ता पहिल्यांदाच धरायलेय. कसा गरम लागतोय गं.’

मग तिने हात धुवायला आणि प्यायला पाणी मागितले. त्या घरात तिला आजवर पाणी ओट्याखाली, वरून ओंजळीत मिळत होते. मुलीने तांब्या आणि पेला तिच्या हातात दिला. आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही.

पुढच्या महिन्यात त्या कुटुंबाने घर सोडले. टेम्पोत सामानाच्या मधोमध पोरगी बसली होती, मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यावर ओले पटकूर.